पर्समधला तीन इंची चाकू

चवथीच्या दुसऱ्या दिवशी माझी भाची पडवीत पर्स उलटी करून चार्जर शोधत होती. केसांच्या पिना, एसटीची तिकिटं, आवळासुपारीची पुडी आणि त्यांच्याबरोबर एक काळा, बोटभर लांबीचा घडीचा चाकू चटईवर पडला. मी तो उघडून पाहिला. पातं जेमतेम ३ इंचांचं. ऑनलाइन मागवलेला. ‘ह्या कित्याक गो?’ म्हणून विचारलं तर आधी गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मावशी, वस्तीच्या गाडयेन रात्री पावणेनवाक तिठ्यार उतारतंय. थंयसून घराक वीस मिनटां. वाटेत एक दिवो नाय. कोण आडवो इलो तर मी काय करू?’

ती कुडाळला एका लॅबमध्ये काम करते. सकाळी सातच्या गाडीने जाते, रात्री वस्तीच्या गाडीने येते. तिची भीती खरी आहे. तिठ्यावरून आमच्या वाडीकडे येणारी पाणंद दोन्ही बाजूंच्या जांभ्याच्या गडग्यांत दडलेली आहे, मध्ये साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल आहे, आणि पावसाळ्यात व्हाळाच्या आवाजात दहा पावलांवरची हाक ऐकू येत नाही. ‘चाकू ठेवू नकोस’ एवढंच बोलून मी उठले असते, तर तिने तो पर्सच्या आणखी आतल्या कप्प्यात ठेवला असता, बाकी काही बदललं नसतं. म्हणून त्या दिवशी तिला जे सांगितलं आणि नंतरच्या दिवसांत जे मनात आलं, ते सगळं इथे मांडते आहे.

माझं म्हणणं असं: ज्या पात्याला रोजचं काम नाही, ते पातं ‘सेफ्टी’साठी जवळ बाळगू नये. अहिंसेच्या तत्त्वातून मी हे म्हणत नाही. किनाऱ्यावरच्या एका सरकारी रुग्णालयात ३१ वर्षं परिचारिका होते. पात्यांनी झालेल्या जखमा धुतल्यात, बांधल्यात, आणि काहींच्या बाबतीत बांधून उपयोग झाला नाही तेही पाहिलंय.

धारेचं वावडं कोकणातल्या माणसाला नाही. कमरेच्या आकडीत कोयती अडकवून बागेत निघालेला माणूस बघून इथे कुणी दचकत नाही. स्वयंपाकघरात आदोळी म्हणजे विळी, पानाच्या तबकात अडकित्ता, होडीवर दोर कापायची सुरी, आंबे उतरवायच्या झेल्याच्या तोंडाशी देठ कापणारं पातं. खंडेनवमीला ही सगळी धुऊन पुसून, झेंडू वाहून पुजली जातात. माझी आजी कोयती कुणाच्या हातात देत नसे. खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची. हातात दिली की भांडण होतं, असं म्हणायची. बागेतून आलेला पुरुष कोयती पडवीतल्या खुंटीला लावल्याशिवाय माजघरात पाऊल टाकत नसे. लहानपणी मला या नुसत्या रीती वाटायच्या. वॉर्डात काम करायला लागल्यावर कळलं, धारेबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांनी स्वतःला घालून घेतलेली ती शिस्त होती.

कोयती उघड्यावर असते, सगळ्यांना दिसते, आणि ‘ही कशाला?’ या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर असतं: झावळं तोडायला, वई करायला. घडीचा चाकूसुद्धा मला वर्ज्य नाही. आंब्याच्या पेटीची सुतळी कापायला, कलमं बांधायला, जाळ्यात अडकलेला दोर सोडवायला खुशाल ठेवावा. माझ्या वडिलांच्या कनवटीला तो कायम असे. भाचीच्या चाकूला मात्र एकच काम होतं, माणसावर चालवायचं. आणि वाईट हे, की तेच काम तो धड करत नाही.

हे पटवायला मी तिला खळ्यात उभं केलं. पर्स खांद्याला, चेन लावलेली, मोबाइल हातात, रोज येते तशी. तिच्या धाकट्या भावाला म्हटलं, त्या माडाकडून धावत ये आणि ताईच्या खांद्याला हात लाव. पहिल्या खेपेला तिचा हात पर्समध्येच होता. दुसऱ्या खेपेला चाकू बाहेर आला, पण मिटलेला. तिसऱ्या खेपेला तो मुठीतच धरून ती उभी राहिली, तरी पात्याच्या खाचेत नख बसेपर्यंत भाऊ पोचला होता. आणि हा दिवसाउजेडी, घरच्या खळ्यात, हसत हसत केलेला खेळ. १९८३ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलीस प्रशिक्षकाने असाच हिशोब घातला होता. २१ फुटांवरचा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येतो, असं त्याला दिसलं. तो कमरेला पिस्तूल असलेल्या, शिकलेल्या पोलिसांचा विचार करत होता. आमच्या पाणंदीत वळणं अशी आहेत की २१ फूट आधी माणूस दिसतच नाही.

भीतीने हाताचं काय होतं ते मी रोज पाहिलंय. शिकून तयार झालेली सिस्टरसुद्धा पहिल्याच गंभीर केसला इंजेक्शनची काचेची कुपी फोडताना थरथरते. तळवे घामेजतात, बोटांची बारीक कामं आधी जातात, मोठ्या हालचाली तेवढ्या उरतात. घडीचा चाकू उघडणं हे बोटांचं बारीक काम आहे. त्यात आमची हवा खारी. चार महिने पर्समध्ये पडून राहिलेल्या चाकूच्या बिजागरीत गंज आणि वाळू बसते, आणि तो उघडतो की नाही हे कुणीही मधेमधे बघत नाही.

उघडला असं धरून चालू. स्वयंपाकाच्या किंवा छोट्या घडीच्या चाकूला मुठीपुढे आड नसते. जोरात भोसकायला जावं आणि टोक हाडाला किंवा बेल्टच्या बकलाला अडावं, तर हात पुढे सरकून स्वतःच्याच धारेवर जातो. स्वस्तातल्या चाकूचं लॉक सुटलं तर पातं मिटतं ते बोटांवर. तळहाताला अशी खोल चीर पडली की बोटं मिटवणाऱ्या टेंडन तुटतात. त्या टेंडन वेळेत आणि नीट जोडायला हाताचे सर्जन लागतात, आणि ते तालुक्याला नसतात. जोडल्यानंतर कित्येक आठवडे पट्टी, मग महिनोन्‌महिने व्यायाम, आणि तरीही बोट पूर्वीसारखं मिटेल याची खात्री कुणी देत नाही. भाचीचं पोट रक्ताचे नमुने काढण्यावर चालतं. तिचा उजवा हात हीच तिची नोकरी आहे.

पण या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. लहान पातं समोरच्याला लगेच थांबवत नाही. वार झालेली माणसं स्वतःच्या पायांनी चालत आमच्याकडे आलेली आहेत. ‘काहीतरी लागलं असं वाटलं, रक्त बघितल्यावर समजलं’ हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल याची मोजदाद नाही. रागात किंवा दारूत असलेल्या माणसाला त्या घडीला दुखतसुद्धा नाही. तो आणखी चवताळतो, आणि चाकू कुणाच्या हातात आहे हे मग झटापटीवर ठरतं. उलट तेच ३ इंच, नको तिथे गेले, की दहा मिनिटांनी जीव घेतात. ज्या क्षणी त्याने थांबायला हवं त्या क्षणी तो थांबत नाही, आणि ज्याला मारायचं मनातही नव्हतं तो मरतो. यापेक्षा वाईट हत्यार माणसाने स्वतःच्या रक्षणासाठी कोणतं निवडावं?

हे मला एका शिमग्यात कळलं. १०८ ची रुग्णवाहिका सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. रात्री एकच्या सुमाराला जीपमधून विशीतला एक मुलगा आणला. मांडीच्या वरच्या भागात जखम, अर्ध्या इंचाची चीर, बाहेरून बघणाऱ्याला वाटावं दोन टाके घातले की झालं. टॉवेल, त्यावर लुंगी, त्यावर आणखी काहीतरी गुंडाळलेलं, आणि सगळं निथळत होतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं २ लिटर गेलं की शरीर हात टेकतं. आमच्याकडे सर्जन नव्हता, रक्तसाठा नव्हता. दाब देऊन, दोन्ही हातांना सलाइन लावून त्याला गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तो तिथे पोचला नाही.

ज्याने वार केला तो त्याच जीपमधून आला होता, जखमेवर टॉवेल दाबून धरत. दोघे एका वाडीतले, एका शाळेतले. पालखी नाचवण्यावरून बाचाबाची झाली, ढकलाढकल झाली, आणि याच्या खिशात चाकू होता. मुंबईला कामाला होता, रात्रीच्या लोकलमध्ये लुटतात म्हणून ठेवलेला. मला म्हणाला, ‘सिस्टर, मी नुसतो भेवडावक काढललंय.’ त्याच्यावर मी विश्वास ठेवला, आजही ठेवते. लोकलमधला चोर त्याला कधी भेटला नाही. चाकू निघाला तो स्वतःच्या मित्रावर, कारण बाळगलेला चाकू ज्याच्यासाठी बाळगला त्याचीच वाट बघत बसत नाही. चढलेल्या आवाजात हात खिशाकडे जातो. खिसा रिकामा असता तर दोघांचे शर्ट फाटले असते, आणि दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा त्याच पालखीला खांदा द्यायला उभे राहिले असते.

आता कायद्याकडे वळते, कारण ‘लहान चाकू चालतो’ ही समजूत घराघरांत आहे आणि ती अर्धीच खरी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं मोजली आहेत, आणि घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. त्या मापाने भाचीचा चाकू सुटतो. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली जिल्ह्यात मनाई आदेश लागतात, शिमगा, गणपती, निवडणूक अशा निमित्तांनी. पेपरात आतल्या पानावर तो मजकूर छापून येतो आणि कुणी वाचत नाही. त्या कलमात तलवारी, भाले, काठ्या यांच्या रांगेत चाकू-सुरेही आहेत, आणि शेवटी ‘शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू’ हेही आहे. तिथे इंच मोजत नाहीत. आदेश मोडला तर कलम १३५ प्रमाणे १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे चवथीला गर्दीच्या गाडीतून येणारी माझी भाची, कुणाला नखही न लावता, गुन्ह्यात अडकू शकली असती.

पोलिसाने विचारलं, हा कशाला, तर ती काय सांगणार? खरं बोलणारी मुलगी आहे. ‘कोणी आडवं आलं तर मारायला’ असंच सांगेल. इंग्लंडमध्ये ३ इंचांपर्यंतचा, लॉक नसलेला घडीचा चाकू खिशात असणं गुन्हा नाही, पण तोच चाकू माणसाला इजा करायच्या हेतूने बाळगला तर १९५३ च्या कायद्याने ते हत्यार ठरतं. वस्तू तीच, बाळगण्याचं कारण बदललं की नाव बदललं. माझ्या आजीने खुंटीपाशी घालून दिलेली रेघ आणि ही रेघ मला एकच वाटते.

स्वसंरक्षणाचा हक्क मात्र आपल्या कायद्याने भक्कम दिला आहे, आणि तो प्रत्येक मुलीला पाठ असायला हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत. जीव जाण्याची किंवा गंभीर इजेची रास्त भीती, बलात्काराच्या किंवा पळवून नेण्याच्या हेतूने झालेला हल्ला, ॲसिड फेकणं किंवा फेकायचा प्रयत्न, अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी कलम ३८ संरक्षण देतं. २०१० मध्ये दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट सांगितलं आहे, की अंगावर संकट आलेल्या माणसाने प्रतिकार तोळामाशाने मोजून करावा अशी अपेक्षा धरता येत नाही. हातात येईल ते घ्यावं: दगड, छत्री, कोयती, दात. कायदा हत्याराचं नाव विचारत नाही. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, ही अट याच संहितेच्या कलम ३७ मध्ये आहे, आणि ‘मी स्वतःला वाचवत होते’ हे दाखवून देण्याची जबाबदारी आरोपीवर येते. बसमध्ये लगट करणाऱ्याच्या थोबाडीत मारणं वेगळं आणि त्याच्या दंडात पातं घुसवणं वेगळं. साध्या इजेला १ वर्षापर्यंत शिक्षा, भोसकायच्या किंवा कापायच्या हत्याराने केलेल्या इजेला कलम ११८ खाली ३ वर्षांपर्यंत, आणि इजा गंभीर ठरली तर जन्मठेपेपर्यंत. पर्समध्ये एकच साधन असेल तर छोट्या त्रासालाही तेच बाहेर येतं.

जानेवारी २०१३ मध्ये, दिल्लीतल्या त्या भयंकर घटनेनंतर, मुंबईत शिवसेनेने बायकांना छोटे चाकू वाटले होते. ती बातमी वाचून मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे मी लपवत नाही. कुणीतरी बायकांच्या रागाला हात घातला असं वाटलं. शिमग्याची ती रात्र पाहिलेली असूनही वाटलं. रात्री अंधारातून चालत जाणाऱ्या बाईच्या मनात काय चालतं ते मी जाणते, नाइट ड्युटी करून मीही तशीच चालत आले आहे. पण चाकू वाटून झाल्यावर वाटणाऱ्याचं काम संपतं. रस्ता तसाच, दिवा तसाच, गाडीची वेळ तीच. पुढे काही झालं तर ‘चाकू होता ना तुझ्याकडे?’ असा प्रश्न त्या बाईलाच विचारला जाणार.

आणखी एक गोष्ट आमच्या गावांत कुणी मोठ्याने बोलत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं हेच दिसतं, की बलात्काराच्या नोंदलेल्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, कामावरचा, लग्नाचं वचन दिलेला. आमच्या रुग्णालयात आलेल्या मुलींच्या बाबतीतही मी हेच पाहिलं. पाणंदीतल्या अनोळखी सावलीसाठी घेतलेला चाकू घरातल्या काकावर निघत नाही. तिथे मुलीला लागतं ते तिचं बोलणं खरं मानणारं एक माणूस, आणि पहिल्याच दिवशी. भाचीला मी हेही विचारलं, की तू ज्याला घाबरतेस तो खरंच अनोळखी आहे का? ती म्हणाली, हो. मी पुन्हा विचारलं, आठवड्याने. हे दोनदा विचारावं लागतं.

यावर येणारी हरकत मला ठाऊक आहे, कारण ती भाचीनेच घेतली: ‘पोलीस येयसर काय करू?’ तिचं बरोबर आहे. ११२ फिरवला तरी ठाणं लांब, साकवाजवळ रेंज नाही. या हरकतीला ‘उशिरा येऊ नकोस, नोकरी सोड’ असं उत्तर देणाऱ्यांचा मला चाकू बाळगणाऱ्यांपेक्षा जास्त राग येतो. मुलीचा पगार, तिची सहा वर्षांची मेहनत एका दिव्याच्या खांबापेक्षा स्वस्त समजायची? मी तिला वेगळं सांगितलं. हातात मोबाइल नको, चांगली प्रखर बॅटरी घे, पेटती आणि मुठीत. आमची जुनी माणसं घुंगूरकाठी आणि बत्ती घेऊनच चालत, फुरशासाठीही आणि माणसासाठीही. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एकदम झोत टाकला की समोरच्याला काही क्षण दिसत नाही. ते काही क्षण पळायला पुरतात, आणि बॅटरी उघडावी लागत नाही. गळ्यात शिट्टी घाल, घाबरलेल्या घशातून ओरडणं निघत नाही, फुंक निघते. मिरचीचा स्प्रे ठेवायचा तर वारा कुठून येतो ते बघून, कारण रात्री तो जमिनीकडून समुद्राकडे सुटतो आणि उलट्या बाजूला उभं राहिलं तर स्वतःच्याच डोळ्यांत जातो. तिने स्प्रे घेतला नाही, बॅटरी घेतली.

त्याच गाडीने शेजारच्या वाडीतल्या आणखी दोघी येतात हे तिला माहीतच नव्हतं. त्या पुढच्या दाराने उतरून रस्त्याच्या दुसऱ्या अंगाने जायच्या. आता तिघी साकवापर्यंत एकत्र येतात. गाडी पाणंदीच्या तोंडाशी थांबावी म्हणून आगार व्यवस्थापकांना आम्ही अर्ज दिला, खाली एकवीस बायकांच्या सह्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, आमच्याकडे ती कागदावरच होत होती. या वेळी आम्ही खरोखर जाऊन बसलो आणि दोन दिव्यांचा ठराव लिहून घेतला. तिथे एका गृहस्थांनी विचारलं, एवढ्या रात्री कोण फिरतं? भाची उठून उभी राहिली आणि म्हणाली, ‘मी फिरतंय.’ गावातल्या मुलग्यांच्या खिशातल्या चाकूंचा विषयही मी त्याच सभेत काढला. माना खाली गेल्या, म्हणजे ते आहेत. शिमग्याच्या आधी त्यावर मानकऱ्यांनी बोलावं असं ठरलं आहे. बोलतात का ते मी बघणार आहे.

तिठ्यावर दिवा लागला. चाकू भाचीने फेकला नाही. पर्समध्ये नाही एवढं ती सांगते, आणि मी पर्स उघडून बघत नाही. साकवाजवळचा दुसरा खांब अजून उभा राहिलेला नाही, खड्डा मात्र खणून ठेवलाय. तोवर रात्री साडेआठला मी चपला घालते, बॅटरी घेते आणि साकवावर जाऊन उभी राहते. पलीकडून आधी तिघींचं बोलणं ऐकू येतं, मग उजेड दिसतो.